सुमतीबाईंना येऊरहून खाली आण

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या रहस्यकादंबरीचं बाड पोचलं आणि वाचूनही झालं. "जरा सांभाळून सांग हं तिला," अशी तुझ्या आईने फोनवर तंबी दिली आहे. पण नुसतं कौतुकच हवं असतं तर तू ते मामाकडे पाठवलं असतंस. तेव्हा सरळच लिहिते.

सुमतीबाई मला आवडल्या. अडुसष्ट वय, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, मुलगा पुण्याला, आणि वाण्याच्या बिलाची बेरीज त्याच्या कॅल्क्युलेटरच्या आधी तोंडी करून मोकळ्या होणाऱ्या. ही बाई मी ओळखते. आपल्या नौपाड्यात एक बिल्डिंग सोडून दुसरीत ती असतेच. पण तू तिला उचलून थेट येऊरच्या डोंगरातल्या बंगल्यावर नेलंस. तिथे धुकं आणलंस, खानसामा आणलास, दिवाणखान्यात शेकोटी पेटवलीस आणि रात्री बारा वाजता फाटकाशी एक काळी गाडी उभी केलीस. अगं, ठाण्यात घरात शेकोटी कोण पेटवतं? डिसेंबरात पंखा एकवर येतो, एवढीच आपली थंडी. आणि येऊरच्या वाटेवर वनखात्याचा नाका आहे, रात्री बाहेरच्या गाड्या अडवतात. तुझ्या काळ्या गाडीचा पत्ता तिथल्या पहारेकऱ्यालाच लागेल आणि गोष्ट आटोपेल.

बंगल्याशी माझं वैर नाही. पण या जातीच्या गोष्टीत शोध घेणारी बाई तिथलीच असावी लागते, पाहुणी चालत नाही. नुसती हुशारी तर पोलिसांकडेही असते. सुमतीबाईंकडे जे आहे ते एकाच जिन्याने चाळीस वर्षं चढउतार केल्याने आलेलं आहे. रोज काय होतं ते त्यांना पाठ असतं, म्हणून एखाद्या दिवशी काय झालं नाही ते त्यांना आधी कळतं. आणि गुन्हेगार सापडला तरी त्यांना राहायचं तिथेच आहे. त्याच्या बायकोची जिन्यात गाठ पडणार, पाणी आलं का म्हणून तिलाच विचारावं लागणार. कोडं पहिल्या गोष्टीतून तयार होतं, कथा दुसरीतून. येऊरला तुझ्या हाती दोन्ही लागत नाहीत.

ठाणे आता गाव कुठे राहिलंय, असं म्हणशील. खरं आहे. २०११ च्या जनगणनेतच महापालिकेच्या हद्दीत अठरा लाखांवर माणसं होती आणि त्यानंतर घोडबंदरला जे टॉवर उठलेत ते तू रोज बसमधून बघतेस. पण तिकडची माणसं अजून "स्टेशनला जाऊन येते" म्हणतात, आणि त्यांना गाडी पकडायची नसते. त्यांना गोखले रोडला, राम मारुती रोडला, जांभळी नाक्याला यायचं असतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ज्या गावात येऊन थांबली, त्या गावाचा गाभा स्टेशन, तलावपाळी, टेंभी नाका, खारकर आळी, चरई एवढ्यात अजून पायी फिरता येतो. सुमतीबाईंच्या गुडघ्यांनाही झेपेल. त्यांना सकाळी तलावपाळीची फेरी दे, सोमवारी कोपिनेश्वराचं देऊळ दे, जांभळी नाक्यावर भाजीवालीशी घासाघीस दे आणि दुपारी मराठी ग्रंथसंग्रहालयात पुस्तक बदलायला पाठव. ती संस्था १८९३ पासून आहे, तिथे वर्षानुवर्षं येणारे वाचक एकमेकांना नावाने नाही तरी चेहऱ्याने ओळखतात. प्रत्येक ठिकाणची बातमी वेगळी असते हे मात्र ध्यानात ठेव. देवळात आजारपणं कळतात, बाजारात पैशाची ओढाताण, आणि वाचनालयात कोण कुणाशी बोलेनासं झालंय ते. तुझ्या बाडात सगळी बातमी एकटा खानसामा सांगतो. तो बिचारा दमत असेल.

आता धाग्यांकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे आणि तू तिथेच उसनवारी केली आहेस. अर्धवट जळालेलं पत्र, खिडकीखालचा बुटाचा ठसा, बंद पडलेलं घड्याळ. हे सगळं वाचकाने इतक्यांदा पाहिलंय की तो तुझ्या आधी पोचतो. तुझ्या दारात रोज काय येतं ते बघ. आमच्याकडे पहाटे फुलपुडी येते. पानात नाहीतर वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली, दोरा कडीला अडकवलेला, आत थोडी शेवंती नाहीतर झेंडू, तुळशीची दोन-चार पानं, एखादी जास्वंद. सोमवारी बेल, संकष्टीला दूर्वा जरा जास्त. पावसाळ्यात पुडीचा कागद ओला होऊन त्याची शाई फुलांना लागते आणि बायका फुलवाल्याच्या नावाने खडे फोडतात. सुमतीबाई दूध घ्यायला दार उघडतात तेव्हा समोरच्या आणि वरच्या कड्या त्यांना आपसूक दिसतात.

समज, त्यांच्या बिल्डिंगीतले तात्या वारले. विधुर, मूलबाळ नाही. चतुर्थीला पाच दिवस असताना गच्चीच्या जिन्यावरून पडले. वरच्या मजल्यावर दोनेक वर्षांपूर्वी भाड्याने आलेला एक चाळिशीचा गृहस्थ आहे. तात्यांशी त्याचा संबंध "काय काका, बरंय ना?" एवढाच. मूळचे कोकणातले, ठाण्यात आमचं कोणी नाही, असं तो सगळ्यांना सांगतो. तात्या गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याच्या कडीला फुलपुडी नाही. त्याने शाडूचा गणपती सांगून ठेवलेला आहे, शेजारची पोरं कारखान्यात जाऊन मूर्ती बघूनसुद्धा आलीत. चतुर्थीला गणपती येत नाही. मुलीला ताप आहे म्हणतो. संध्याकाळी सुमतीबाई आरतीचा प्रसाद घेऊन वर जातात, तर तो दारातूनच हात जोडतो, मोदकाला हात लावत नाही. मुलगी मागे हॉलमध्ये धडधडीत नाचत असते.

हे तू तीन वेगवेगळ्या प्रकरणांत, तीन वेगळ्या कारणांनी सांगायचंस. पुडीचा उल्लेख फुलवाल्याच्या हिशोबाच्या भांडणात ये-जा करू दे. गणपतीचा उल्लेख पोरांच्या हिरमोडात. प्रसादाचा, सुमतीबाईंना आलेल्या रागात. वाचकासमोर सगळं ठेवायचं, फक्त त्याचं लक्ष त्या वेळी दुसरीकडे असायला हवं. मग एका दुपारी डुलकी मोडता मोडता सुमतीबाईंना उमगतं की या माणसाला सुतक आहे. बिल्डिंगीत माणूस तर एकच गेलाय. भाऊबंदांना दहा दिवस सुतक असतं, भाडेकरूला कसलं सुतक? नातं लपवणारा माणूस शेजाऱ्यांशी खोटं बोलला, पण देवाशी बोलायला धजला नाही.

फौजदारही मराठी घरातलाच असेल, सुतक त्याला कुणी शिकवायला नको. पण त्या कडीला रोज काय असायचं ते त्याला ठाऊक नाही. सुमतीबाईंची मातब्बरी तेवढीच आहे आणि तेवढी पुरते.

यातून पुढचा कायदा आपोआप गोष्टीत शिरतो, ओढून आणावा लागत नाही. तात्या मृत्युपत्र न करता गेले. पहिल्या वर्गातला वारस नाही, वडील नाहीत, भावंडंही हयात नाहीत, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मालमत्ता पुतण्या-भाच्यांपर्यंत पोचते. तात्यांनी सोसायटीच्या कागदात एखाद्या शेजाऱ्याचं नाव नॉमिनी म्हणून घातलेलं असू दे. लोकांना वाटतं नॉमिनी म्हणजे मालक. तसं नसतं. सहकार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे तो वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. म्हणजे एका घरावर आता दोन माणसं डोळा ठेवून आहेत आणि त्यातल्या एकाला दुसरा कोण ते माहीतच नाही. वर त्याच वारसा कायद्याचं कलम २५ सांगतं की खुन्याला मेलेल्याची मालमत्ता मिळत नाही. त्या भाडेकरू पुतण्याने काही केलं असेल तर तो अपघातच दिसायला हवा. आणि केलं नसेल तर नातं लपवायला त्याच्याकडे दुसरं कारण हवं.

मी तुझ्या जागी असते तर त्याला निर्दोष ठेवला असता. गावच्या घरावरून दोन भावांनी जन्मभर अबोला धरला. त्यातल्या एकाचा मुलगा, बाप गेल्यावर, काकाच्याच बिल्डिंगीत मुद्दाम जागा घेतो. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता काका जातो. हे कळलं की सुमतीबाईंनी त्याच्यावर घेतलेला संशय त्यांच्याच अंगावर येतो. त्यांनी तो चार बायकांत बोलूनही दाखवला असू दे. भोचकपणा त्यांच्या अंगी आहे आणि तो तू साखर लावून दाखवतेस, ते मला पटत नाही. ज्या घरात आधीच मयत झालीय, त्या घराबद्दल त्या नको ते बोलल्या, आता त्यांना वर जाऊन दार वाजवायला हवं. ते प्रकरण तुझ्या पुस्तकाच्या मध्यावर येईल आणि तुला ते लिहायला जड जाईल. टाळू नकोस.

मग खरं कारण कुठे? आपल्याकडे हल्ली भांडणाचं मूळ पुनर्विकासात असतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, तुमच्याच सोसायटीत दोन वर्षं चाललंय. २०१९ च्या शासन निर्णयाने ५१ टक्के संमती पुरते. सुमतीबाईंच्या बिल्डिंगीत १६ घरं ठेव. आठ सह्या म्हणजे बरोबर निम्म्या, त्या चालत नाहीत, नववी लागते. गणिताच्या बाईंना हे कुणी समजावून सांगायला नको. आठ झाल्यात, नववी तात्यांची, आणि तात्या म्हणतात, आधी मागच्या तीन वर्षांचा दुरुस्ती निधीचा हिशोब दाखवा. सप्टेंबर संपायच्या आत सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते. म्हणजे तुझ्या गोष्टीला घड्याळही मिळालं. पुढचं मी सांगत नाही. एवढंच म्हणते, की मागच्या सभांची इतिवृत्तं सुमतीबाईंना चष्मा लावून ओळीने वाचायला लाव. शिक्षिकेला दोन वेगळ्या वर्षांचं अक्षर एकाच बैठकीत लिहिलेलं आहे हे कळतं.

पोलिसांचं. तुझा इन्स्पेक्टर सुमतीबाईंना "मॅडम, तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं" म्हणतो. हे वाक्य काढ. तो खुनाला ३०२ म्हणतो, तेही काढ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खुनाचं कलम १०३ झालंय. (जुन्या हवालदाराच्या तोंडी ३०२ राहू दे, त्याची जीभ इतक्यात वळायची नाही.) पण कायद्याने तुझं एक मोठं काम करून ठेवलंय आणि तुझं तिकडे लक्षच गेलेलं नाही. मृत्यू झाला त्या जागी सुमतीबाई शिरणार कशा, या अडचणीपायी तू त्यांना खिडकीतून डोकवायला लावलंस. अडुसष्टाव्या वर्षी, स्टुलावर चढून! तात्या असे अचानक गेले तर डॉक्टर दाखला द्यायला कचरतील, पोलीस येतील, अकस्मात मृत्यूची नोंद होईल आणि मरणोत्तर पंचनामा होईल. त्याला शेजारपाजारचे किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून लागतात. पंच शोधायला पोलीस निघाले की भराभर दारं लागतात, कारण उद्या कोर्टाच्या फेऱ्या कुणाला हव्यात? सुमतीबाईंचं दार उघडं असतं. झालं. त्या हक्काने जिन्यात उभ्या राहतात, दिवा लागतो का बघतात, तात्यांच्या पायात कुठली चप्पल आहे ते बघतात आणि सही करण्याआधी पंचनामा पूर्ण वाचून त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवतात.

दुसरी सोय त्याहून गोड आहे. पोलीस तपासाच्या नव्या कायद्यातल्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७९ प्रमाणे बाईमाणसाला, आणि साठीपुढच्या पुरुषालाही, साक्षीसाठी राहत्या घराबाहेर कुठे बोलावण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही. स्वखुशीने जायचं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे विचारपूस करायला इन्स्पेक्टरला सुमतीबाईंच्या घरीच यावं लागणार. सोफ्यावर बसावं लागणार, चहा घ्यावा लागणार, आणि समोरची बाई, आपण याला चौथीत पाढे चुकल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं की नाही, हे आठवत असताना प्रश्न विचारावे लागणार. त्याने तिची तपासणी करायची आणि उठताना स्वतःच चार गोष्टी सांगून बसायचं, असा तो प्रवेश लिही. आणि तिच्या जबाबावर तिची सही घेऊ नकोस. तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. तुझ्या बाडात प्रत्येक जण सही करत सुटलाय.

म्हातारपणाबद्दल थोडं. सुमतीबाईंना मोतीबिंदू आहे असं तू पहिल्या प्रकरणात लिहितेस आणि अकराव्यात त्या रस्त्यापलीकडच्या स्कूटरचा नंबर वाचतात. वय हे सजावटीला घ्यायचं नसतं. डोळा अधू असेल तर कान आणि नाक कामाला लाव. जिना चढताना त्या मध्ये थांबतात, तर तिथे थांबल्यामुळेच त्यांना बंद दारामागचं बोलणं ऐकू येऊ दे. बँकेत कारकून त्यांच्याशी न बोलता बरोबरच्या तरुण माणसाशी बोलतो, याची चीड त्यांना येऊ दे. आणि माणसं आपल्यासमोर आपण नसल्यासारखी बोलतात याचा फायदाही त्यांनी उठवावा. रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सुविचार टाकणाऱ्या माणसाचा सुविचार आला नाही, हा धागा मात्र नको. हल्ली जो तो तोच वापरतो. सीसीटीव्हीचं कोडं सोपं आहे, जुन्या सोसायटीतलं रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसून त्यावर नवीन येतं, आणि तुझ्या गोष्टीचं मूळ त्याच्या आधीचं आहे. विष काढून टाक. रक्ताचं वर्णनही एका ओळीवर आण.

आता शेवटचं प्रकरण. सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून सुमतीबाई एकेकाकडे बोट दाखवतात आणि खरा माणूस इन्स्पेक्टरसमोर रडत कबुली देतो. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तसंच होतं, नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तसंच आहे. वकील दुसऱ्या दिवशी ती उडवून लावेल. त्यापेक्षा इन्स्पेक्टरला घरी पाठव आणि खोलीत दोघंच ठेव. सुमतीबाई वाल सोलतायत. मोड आलेले, कोमट पाण्यात टाकलेले, बोटाने दाबला की साल निसटून डाळिंबी ताटात पडते. समोरचा माणूस सोसायटीच्या हिशोबाचं सांगायला म्हणून आलाय, त्याच्याही हाताशी त्यांनी थोडे सरकवलेत. इतकी वर्षं शेजारी आहे, त्याच्या मुंजीत त्या पंगतीत वाढायला होत्या. हात कामात असले की माणूस समोर बघत नाही, आणि बघायचं नसलं की बोलतो. तो बोलेल. खासगी माणसाजवळ आपणहून दिलेली अशी कबुली सांगायला सुमतीबाईंना कोर्टात उभं राहता येतं. न्यायाधीश तिचं वजन कितपत धरतील ते पुढचं. पण उभं राहायचं का, हे आता त्यांना ठरवायचंय. त्याची आई पलीकडच्याच दारात राहते आणि तिचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. तू त्यांना काय ठरवायला लावतेस ते बघायला मी उत्सुक आहे. मला विचारशील तर त्यांनी जावं, कारण तात्याही शेजारीच होते. पण पुस्तक तुझं आहे.

भाषेबद्दल तक्रार नाही. "ती गूढपणे हसली" हे वाक्य मात्र बाडात फार वेळा आहे. एकदाही नको.

दिवाळी अंकाला द्यायचं मनात असेल तर संपादक मंडळी पावसाळ्यातच मजकूर मागतात, गणपतीनंतर कुणी वाचायला मोकळं नसतं. कादंबरी तेवढ्यात व्हायची नाही. फुलपुडीचा भाग तेवढा वेगळा काढून कथा कर आणि आषाढ संपायच्या आत पाठव. कादंबरी निवांत होऊ दे. लिहायला बसण्याआधी गुन्हेगार पक्का कर, त्याने काय केलं ते तारीखवार एका कागदावर मांड, आणि तो कागद मला दाखवू नकोस. तुझ्या आईलाही नको, ती मला सांगेल. या खेपेला मला शेवटच्या पानाच्या आधी ओळखायचंय.

तुझी,
मावशी
नौपाडा, ठाणे